सगळ्यात हलके बाण

बडा गणपती मंदिराजवळच्या खेळसामानाच्या दुकानात मी माझ्या कंपाउंड बोसाठी, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्यासाठी, सगळ्यात हलके कार्बनचे बाण मागितले. तिरंदाजीची निवड चाचणी जवळ आली होती. दुकानदार प्रत्येक बाण कानाशी नेऊन हळूच वाकवायचे आणि कुठे तडकलाय का, ते ऐकायचे.

“बो किती पाउंडाचा, भिया?” त्यांनी विचारलं.

“पंचावन्न.”

त्यांनी बाण परत ठेवले. “मग हे नाही देणार. एवढ्या ताणाला सुटताना फुटतील.”

“पण वेग मिळेल ना?”

त्यांनी बो धरायचा डावा हात पुढे केला. तळव्यावर लांब व्रण होता आणि दोन बोटं वळत नव्हती. “मलापण वेगच पाहिजे होता.”

मी थोडे जड बाण घेतले. चाचणीत माझी निवड झाली नाही. त्या संध्याकाळी दहाही बोटांनी माझ्या मुलीची वेणी घालताना मात्र दुकानदारांचा हात डोळ्यांपुढे आला.