गाण्यावरचा इलाज

अकोल्यात नोकरीला लागून तिसरं वर्ष सुरू होतं तेव्हा मी एक गाणं केलं. रॉकच, पण धाडधाड वाजणारं नाही. गिटार रडकी, आवाज माझा आणि शब्द एवढेच की माणसांत बसले की मला कोणी दिसत नाही, मीही कोणाला दिसत नाही. ऑफिसात चाळीस टाळकी. दुपारी सगळे डबे एकत्र उघडायचे आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. हे सांगणार कोणाला? म्हणून गायले आणि नेटवर टाकलं.

वहिनीनं ते अमरावतीला घरच्या ग्रुपवर पाठवलं. झालं! रविवारी सकाळी दारात क्रुझर उभी. आईबाबा, काका-काकू, आत्या, चिल्लीपिल्ली धरून अकरा माणसं, सोबत रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं. पोरगी एकटी पडली, असा निरोप बाबांनीच घरोघर दिला होता.

माझ्या एवढ्याशा खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्या म्हणाली, "लग्न लावून द्या इचं, सारं एकटेपन पयून जाते." सगळे खो खो हसले. मग काकांनी मोर्शीच्या संत्र्याच्या बागेवरून वाद उकरून काढला आणि मी पानं वाढत राहिले. काय होतंय तुला, असं एकानंही विचारलं नाही. असा संताप आला! आणि त्या संतापाचीच लाज वाटली, इतक्या लांबून आले होते बिचारे.

निघताना बाबांनी डोक्यावर हात ठेवला. "आता बरं वाटून राहिलं न बेटा?"

"हो बाबा."

त्यांच्या तोंडावर एवढं समाधान होतं की त्याच संध्याकाळी मी गाणं काढून टाकलं. नेटवरून, फोनमधून, लॅपटॉपमधूनही. पुन्हा कोणाला तसदी नको.

चार-पाच दिवसांनी भरदुपारी बाबांचा फोन आला. ते आमच्या कापडाच्या दुकानात होते, मागे गिऱ्हाइकांचा गलका चालला होता.

"ते गाणं कुठी गेलं वं? दिसून नाही राहिलं."

"काढलं. कावून?"

"रोज आयकत होतो मी." त्यांनी आवाज खाली आणला. "दुकानात गर्दी झाली का कानात घालून. मले वाटे, असं माह्यासंगच होते. तुह्याकडे सारे लोकं आनले, कारन दुसरं काई सुचलंच नाई मले."

मी डबा बंद केला आणि ऑफिसबाहेर जिन्यात आले.

"पाठवतं का पुन्हा?"

माझ्याकडे ते कुठेच नव्हतं.