बरोबर लावलेलं घड्याळ

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर लावलं. माझ्या हातून घडलं ते एवढंच. सेल संपून काटे थांबले होते, बायको तिच्या बहिणीकडे घाटकोपरला गेली होती, आणि रिकामा नवरा घरात असला की तो काहीतरी दुरुस्त करतोच. स्टुलावर चढलो, नवा सेल घातला, मोबाईलमध्ये बघून काटे काटेकोर जुळवले. खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन बघितलंसुद्धा, देव्हारा मांडल्यासारखं. घड्याळांच्या बाबतीत आमच्या घरात मला जाणकार समजतात. म्हणजे मीच समजतो. पण त्याला तसं कारण आहे, माझी रोजीरोटीच घड्याळावर चालते.

सोमवारी सकाळी चहा घेताना त्याच घड्याळाकडे बघितलं, सवयीने दहा मिनिटं वजा केली, रात्री परतलेल्या बायकोकडून अर्धा कप आणखी मागून घेतला आणि खाली उतरलो, तर ऑफिसची बस निघून गेलेली. ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घालत रिक्षा पकडली. मुलुंडहून निघून कांजूरमार्ग आलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. घड्याळ बरोबर लावणारा मी, आणि त्यातून दहा मिनिटं वजा करणाराही मीच.

त्याचं असं आहे, ते घड्याळ आमच्या घरात कधी बरोबर नव्हतंच. बाबा नोकरीला होते तेव्हा त्यांनी घाई करावी म्हणून आईने ते दहा मिनिटं पुढे करून ठेवलं. बाबांना ते ठाऊक होतं. ते दहा मिनिटं वजा करून निवांत दाढी करायचे. ते वजा करतात हे आईला ठाऊक होतं, तरी ती रोज ‘बघा किती वाजले, बघा!’ म्हणून ओरडायची. ती खोटं सांगायची, ते खोटं ऐकल्यासारखं करायचे, आणि बाबा बरोबर वेळेवर घराबाहेर पडायचे. पुढे घर बदललं, घड्याळं बदलली, बाबा निवृत्त झाले. आम्ही मुलं वजा करायला शिकलो, मग सून आली, तीही शिकली. सेल बदलायचं काम मात्र आईचं. दर वेळी ती काटे न चुकता पुढे सरकवायची. गेल्या वर्षी आई गेली. ती गेल्यानंतरचा हा पहिला सेल.

हे मी रिक्षात आठवत होतो, आणि खरं सांगायचं तर हसतही होतो.

त्या दिवशी ऑफिसात वाद चालू होता तो घड्याळाचाच. आमची कंपनी छोट्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. रक्तपेढीतले फ्रीज, लिफ्ट, असली यंत्रं. त्यांच्यातलं घड्याळ हळूहळू चुकत जातं. मग वरचा प्रोग्राम सिस्टीमला हाक मारतो की बाई, घड्याळ जरा पुढे घे. या हाकेला आम्ही कॉल म्हणतो. तेव्हा घड्याळाने एकदम उडी मारायची नसते. ते जरासं भरभर चालवायचं, वेळ आपली आपण जुळते, कुणाला धक्का बसत नाही. आमचा हा कॉल फार जुना. आता नव्या गिऱ्हाइकांना त्यात जास्तीच्या सोयी हव्या होत्या, घड्याळाचा वेगच कायमचा बदलता यावा वगैरे. ते काम माझ्याकडे आणि माझ्या एका तरुण सहकारी बाईंकडे होतं. बाई हुशार, आणि जीभ तिखट.

जुन्या कॉलला एक खोड होती. किती दुरुस्ती बाकी आहे असं विचारलं, की तो खऱ्यापेक्षा थोडी जास्तच सांगायचा.

‘सर, ही तर सरळ सरळ चूक आहे,’ बाई म्हणाल्या. ‘एवीतेवी हात घातलाय, तर दुरुस्त करून टाकते ना.’

‘हात लावायचा नाही.’

‘चुकीला?’

‘चुकीलाच. बाहेर कुठल्या यंत्रात कुठला म्हातारा प्रोग्राम ती चूक धरून तेवढं वजा करत बसला असेल, आपल्याला ठाऊक आहे का? नव्यांसाठी वेगळा कॉल लिहा, त्यात काय ते खरं सांगा. जुन्याने जुनी हाक मारली तर त्याला जुनंच उत्तर मिळालं पाहिजे.’

‘आणि तो प्रोग्राम लिहिणारं माणूस केव्हाच निघून गेलं असेल तर?’

‘मग तर मुळीच नाही. मग त्याला बदलून देणार कोण?’

माझं बोलणं मलाच इतकं आवडलं की त्या भरात मी बस चुकल्याची गंमतही सांगून टाकली. बाई खळखळून हसल्या. ‘वाट लागली सर! म्हणजे जुन्याला धक्का नको हा नियम फक्त ऑफिसात?’

मीही हसत होतो, आणि बायकोचा फोन आला.

‘अरे, बाबा मासळीबाजारात आहेत. आपल्या मासेवालीचा फोन आला होता. मी निघालेय, तू पण ये.’

‘मासळीबाजारात? ते बागेत जातात ना या वेळेला?’

‘ये म्हटलं ना!’

बाबा रोज सकाळी एकटे खाली उतरायचे. गेटपाशी त्यांचे दोन मित्र उभे असायचे, तिघं मिळून बागेत जायचे. आई गेल्यावर बाबांचं एवढंच एक स्वतःचं असं उरलं होतं. हल्ली ते नावं विसरायचे, एकच गोष्ट दोनदा सांगायचे, पण खाली जाणं कधी चुकलं नाही. म्हणून आम्हीही म्हणायचो, वयच आहे, अजून एकटे जातात येतात ना. त्या सोमवारी त्यांनी घड्याळ बघितलं, नेहमीसारखी दहा मिनिटं वजा केली, सावकाश चपला घातल्या. मित्रांनी वाट बघितली, फोन लावला. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, कुणाला ऐकूच गेला नाही. आज काही येत नाही हा, असं म्हणून ते पुढे गेले. बाबा गेटपाशी आले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. आणि मित्र सोबत नसले की बागेचा रस्ता त्यांना ठाऊकच नव्हता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मी पोचलो तेव्हा ते एका उलट्या क्रेटवर बसले होते, हात मांडीवर, पाहुण्यांकडे बसावं तसे. मासेवालीने त्यांना चहा दिला होता. बायको शेजारी उकिडवी बसून त्यांची समजूत घालत होती.

‘बाबा, घरी जाऊया ना?’

‘थांब गो. ती आत हा. बांगडे बघता,’ बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले.

सोमवार होता. आमच्याकडे सोमवारी मासे शिजत नाहीत. आईने उभ्या जन्मात सोमवारी त्या बाजारात पाऊल ठेवलं नव्हतं. मासेवाली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘दादा, मी सांगितलं त्यांना, आजी नाय येनार. ते ऐकतच नाय.’

‘बाबा, उशीर झालाय,’ मी म्हटलं.

‘उशीर खंयचो?’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘तिचां घड्याळ पुढे असता.’

घरी आणायला रिक्षा केली. वाटेत बाबा दर सिग्नलला मागे वळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे आजचं नाही, बरेच दिवस चालू असणार, सवयींनी झाकलं होतं. आता एकटं सोडू नका. मी विचारलं, घड्याळामुळे झालं का हो हे? डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पुढची तपासणी माझीच करायची. नाही म्हणाले, आज ना उद्या हे दिसणारच होतं. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील.

संध्याकाळी मी परत स्टुलावर चढलो आणि काटे दहा मिनिटं पुढे केले. बाबा दारात उभं राहून बघत होते.

‘तू हात लावलंस मां?’

‘आईसारखंच लावलंय, बाबा. दहा मिनिटं पुढे.’

ते घड्याळाखाली येऊन उभे राहिले. मग विचारलं, ‘हां खरां की तिचां?’

‘तिचंच.’

‘ती खंय हा लावूक?’ ते म्हणाले. ‘काढ तां.’

ऑफिसात असं होत नाही. तिथे जुना आकडा परत जागेवर ठेवला की जुना प्रोग्राम मुकाट कामाला लागतो, मधे काय झालं ते विचारत नाही. मी घड्याळ काढलं आणि माळ्यावर ठेवून दिलं.

बाबांचं एकट्याने खाली जाणं थांबलं ते थांबलंच. मित्र एकदोनदा वर येऊन गेले. बाबांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि ‘बसा, ती चहा टाकता’ म्हणाले. नंतर त्यांचं येणं कमी झालं, मी त्यांना दोष देत नाही. आता बाबा दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी बसतात आणि सुनेला विचारतात, ‘किती वाजले गो?’ ती कणीक मळता मळता, लॅपटॉपवर काम करता करता, मोबाईलकडे एक नजर टाकून सांगते. बाबा ओठ हलवून काहीतरी हिशेब करतात आणि मान डोलावतात. थोड्या वेळाने परत विचारतात.

एका शनिवारी मी शेजारीच होतो. तिने वेळ सांगितली, मी माझ्या मनगटावर बघितलं आणि राहवलं नाही. ‘अगं, चुकीची सांगितलीस. इतके कुठे वाजलेत?’

तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. बाबा पडायला आत गेल्यावर गॅस बारीक करून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘आई सांगायच्या तीच सांगते मी,’ ती म्हणाली. ‘ते दहा मिनिटं वजा करतात आणि मग जरा वेळ बरे असतात. तू यात आता काही सुधारू नकोस.’