पट्टा पास, बाक नापास

बसमध्ये चढल्यावर लोक आधी खिडकी बघतात. अण्णा बाक बघायचे. दोन्ही हातांनी पाठ धरून एकदा पुढे ओढायचे, एकदा मागे ढकलायचे, आणि मान तिरकी करून आतून काही वाजतंय का ते ऐकायचे. मग निकाल. "स्वल्प हलते." पुढचं बाक. "हे पण हलते." तोवर बस सुटलेली असायची, कंडक्टर कन्नडमधून ओरडत असायचा आणि मागच्या बायका हसत असायच्या. शेवटी अण्णा दांडी धरून उभ्यानेच जायचे. दांडी त्यांनी आदल्या आठवड्यात तपासलेली असायची.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याला आपण विक्षिप्त म्हणतो आणि आपल्या हलत्या बाकावर बसून घरी जातो. मीही तेच केलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदीच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी नागपूरहून बंगळूरला आले आणि यशवंतपूरला त्यांच्या घरात माडीवरची खोली घेतली. पहिल्याच दिवशी मी त्यांना काका म्हटलं. ते म्हणाले, "काका तिकडे पुण्याला. इथे अण्णा."

"मी पुण्याची नाही. नागपूरची."

"तेच ते. नकाशात वर."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं. मराठी घरात बोलायची, आणि तीही निम्मी कन्नडच्या चालीवर. एकतीस वर्षं ते विमानाच्या कारखान्यात होते, आसनांच्या विभागात तपासनीस. तिथे प्रत्येक तपासनिसाचा नंबर असलेला एक छोटा गोल शिक्का असतो. वस्तू पास झाली की शिक्का. निवृत्त होताना शिक्का परत द्यावा लागतो. अण्णांनी तो दिला, आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूची पेटी घेऊन आले.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत आलेली. पत्रकात दोनच प्रकारची माणसं असतात, आपली आणि त्यांची. अण्णांना कुठे बसवायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दर रविवारी सकाळी ते दोन बस बदलून विमानतळाच्या भिंतीशी जायचे. समोर एका इडलीच्या हॉटेलची गच्ची होती. तिथे विमानांचे शौकीन जमायचे: दुर्बिणी, थर्मास, आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचा नंबर लिहायला वह्या. एकदा त्यांनी मला नेलं. दोन तास वाद चालला होता. विमानात पुढची जागा जास्त सुरक्षित की शेपटीकडची? आसनं उलटी, शेपटीकडे तोंड करून बसवली तर किती लोक वाचतील? एका बँकेतल्या साहेबांनी कागदी रुमालावर आकृती काढून सिद्ध केलं की कमरेला एकच पट्टा म्हणजे मानवजातीचा अपमान आहे.

अण्णांनी रुमाल उचलून आकृती बघितली. ते म्हणाले, "साहेब, आलात कशावरून?"

"स्कूटरवरून."

"हेल्मेट?"

"आहे की! आरशाला अडकवलंय."

"सरी," म्हणाले अण्णा, म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक', आणि साहेबांची वही पुढे ओढून पानं चाळू लागले. एका नंबरावर बोट ठेवलं, पुन्हा "सरी" म्हणाले आणि इडली मागवली. हे ते दर रविवारी करायचे. नंबर वहीत सापडेपर्यंत इडली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा छंद.

आता मुद्द्यावर येते. अण्णांची नात दुसरीत होती. आमच्या गल्लीतली सगळी मुलं एकाच खासगी बसने शाळेला जायची. मार्चमध्ये एक सायकलवाला आडवा आला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, आणि नात दुसऱ्या बाकावरून उडून इंजिनाच्या झाकणावर तोंडावर आपटली. पुढचे दोन दात गेले. बसमालक आमच्याच गल्लीतला. तो बघायला आला आणि म्हणाला, "दुधाचे होते ना? मग तसेही पडणारच होते."

त्या वाक्यावर मी तीन भाषांत पत्रक काढलं. दारोदार वाटलं. पालकांच्या सह्या घेतल्या. आमची समिती तीन जणांची होती, पण आवाज तिसांचा. मागणी एकच: विमानात पट्टा, मग मुलांच्या बसमध्ये का नाही? मालकाला पत्रकापेक्षा त्याच्या बायकोने जास्त छळलं असावं. मे महिन्यात तो कबूल झाला. पट्टे शौकिनांनी दिले. त्यांच्यातल्या एकाकडे मोडीत निघालेल्या विमानांचे पट्टे होते. ते नेमके कुठल्या विमानाचे यावर त्यांनी तीन रविवार वाद घातला. अण्णांनी एकेक पट्टा खेचून, उलटून पाहिला, उसवलेले बाजूला काढले आणि बाकीच्यांवर खडूची खूण केली. गॅरेजवाल्याने ते बाकांना लावले.

शाळेच्या पहिल्या दिवशी गणपतीच्या देवळासमोर बस उभी केली. हार, नारळ, मुलं नव्या दप्तरांसकट रांगेत. माझ्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं: "बंगळूरची पहिली पट्ट्यांची शाळाबस!" पहिली होती की नाही देव जाणे, पत्रकात पहिलीच असते. नारळ फोडायला मी अण्णांना बोलावलं होतं.

अण्णा आत चढले. दुसऱ्या बाकाची पाठ धरली. पुढे, मागे. मान तिरकी.

"अण्णा, आज नको," मी म्हटलं.

"स्वल्प थांब, लीडर." ते मला लीडर म्हणायचे, रागावले की लीडरबाई.

समोरच्या किराणा दुकानातून त्यांनी तांदळाची गोणी मागवली. बाकावर ठेवली, पट्टा आवळला, गोणीला दोर बांधला आणि तीन बापांना पुढून ओढायला सांगितलं. बापांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग आहे. त्यांनी हसत ओढलं. काड्कन आवाज झाला आणि बाक, गोणी, तीन बाप असे सगळे ड्रायव्हरच्या अंगावर गेले. बाकाच्या पायांना चार लाकडी स्क्रू लोंबत होते, आणि प्रत्येक स्क्रूला बसच्या तळाच्या प्लायवुडचा एकेक ढलपा.

अण्णांनी वाकून गोणीवरचा पट्टा बघितला. "पट्टा पास," ते म्हणाले. "बाक नापास."

मग स्क्रूंकडे बोट करून म्हणाले, "पट्टा मुलाला बाकाला बांधतो. बाकाला कोण बांधणार? आता नुसते दात जातात. पट्टा लावला तर बाक पण मागोमाग येईल, मुलाच्या अंगावर."

मालक लाल झाला. "अण्णा, ही बस आहे. विमान नव्हे."

"विमानात माणूस वर्षातून एकदा बसतो. ह्यात माझी नात रोज बसते."

मालकाने हार ओरबाडून काढला, बस गॅरेजला नेली आणि "तुमचे तुम्ही बघा" म्हणाला. मुलं ऑटोतून जायला लागली. एका ऑटोत आठ-नऊ, दप्तरं बाहेर लोंबकळत. पालक अण्णांवर उखडले. बस होती तीही घालवली म्हणाले. आणि सगळ्यांत जास्त उखडले मी. तीन महिने राबले होते. खोलीत बसून एका बैठकीत पत्रक लिहिलं: "सुधारणेचे शत्रू". नाव घातलं नव्हतं, पण "शंभर टक्क्यांच्या हट्टापायी मुलांना ऑटोत कोंबणारे वयोवृद्ध तज्ज्ञ" गल्लीत किती असतात?

छापखान्याचा माणूस गठ्ठा घेऊन आला तेव्हा मी कामावर होते. गठ्ठा अण्णांनी घेतला. संध्याकाळी स्वतः माडी चढून आले.

"लीडरबाई, तुमचे कागद." गठ्ठा खाटेवर ठेवला. "तिसऱ्या ओळीत खिळे म्हटलंय. खिळे नव्हते. स्क्रू होते. तेवढं दुरुस्त कर."

आणि जिना उतरून गेले. मी गठ्ठा खाटेखाली ढकलला.

आठवडाभराने मुलांनी भरलेला एक ऑटो वळणावर कलंडला. पहिलीतल्या एका मुलीचं मनगट मोडलं. तिची आई आमच्या दारात येऊन अण्णांना म्हणाली, "तुमच्यामुळे." अण्णांनी ऐकून घेतलं. बसची बाकं सुटलेली होती, हे खरं. ऑटोत ती मुलगी त्यांच्या निकालामुळे बसली होती, हेही खरं. पत्रकात या दोन ओळी एकाखाली एक बसत नाहीत. मी त्या दिवशी लिहायला घेतलं होतं, म्हणून सांगते.

ते मुलीला भेटायला गेले. मी बरोबर होते. प्लास्टरमधला हात पुढे करून तिने विचारलं, "अज्जा, बस कधी?"

आयुष्यात कधी तारीख न दिलेला तो माणूस म्हणाला, "सोमवारी."

तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी ते मालकाच्या दारात उभे राहिले. काय बोलले माहीत नाही. मालक नंतर म्हणाला, "बोलले कुठे? आत आले आणि माझी खुर्ची हलवून बघितली." गॅरेजमध्ये अण्णा बसखाली आडवे झाले. बसच्या तळाखालून लोखंडी अँगल, खाली जाड पट्टी, आरपार बोल्ट, वर दोन-दोन नट. एक बाक झालं की गोणी, दोर, बाप. बापांना आता त्यात मजा येऊ लागली होती. कामावरून सुटले की थेट गॅरेजला यायचे, बाह्या सरसावून. रविवारी शौकीनही आले. बँकेतले साहेब म्हणाले, "बसवताच आहात, तर बाकं उलटीच बसवा. शास्त्र तेच सांगतं."

बसखालून आवाज आला, "बसवा. ड्रायव्हर गाडी कशी चालवतो ते तरी मुलांना दिसणार नाही."

नोंद ठेवायला कागद हवे होते. मी खाटेखालून गठ्ठा काढला आणि खाली नेऊन दिला. अण्णांनी वरचा कागद उलटून बघितला, पुन्हा पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले: बाक एक, बोल्ट चार, ओढले, पास. सगळी तपासणी अशी "सुधारणेच्या शत्रूं"च्या पाठीवर झाली.

त्या कामात एकदा मी विचारलं, "अण्णा, एवढं कशासाठी? तुमच्या हातून कधी काही झालं होतं का?"

"नाही झालं," ते म्हणाले. नट आवळला. "एकदा जेवणाची घंटा झाली. एक आसन राहिलं होतं. न ओढता शिक्का मारला. दुपारी बघू म्हटलं. दुपारी ते पुढे गेलं होतं."

"मग?"

"मग काय? प्रवासी विमान होतं, उडालं. अजून उडतंय. काही झालं नाही." पाना खाली ठेवला. "दर रविवारी बघतो की. साहेबांच्या वहीत."

मला इडली आठवली. मी पाना उचलून दिला.

सोमवारी पाच बाकं पास झाली होती. पाच बाकं, दहा मुलं. मालक म्हणाला, बाकीची बाकं पण चालतील हो आजच्या दिवस. अण्णांनी नापास बाकांवर खडूने फुल्या मारल्या आणि दारात उभे राहिले. पहिल्या बाकावर प्लास्टरवाली मुलगी. मग वयाने लहान, ती आधी. नात दुसरीत, तिचा नंबर लागला नाही. ती दात नसलेलं तोंड वासून रडली. अण्णा तिला हाताला धरून चालत शाळेत घेऊन गेले. रोज, शाळेपर्यंत आणि परत. आठव्या दिवशी तिचं बाक पास झालं.

पुढे चार वर्षं ती बस चालली. ब्रेक बरेच लागले. दात पडले ते आपले आपण.

एका रविवारी अण्णा नेहमीपेक्षा लवकर परतले, हातात मैसूरपाकाचा पुडा. गल्लीत सगळ्यांना वाटला. मालकालाही. कशाचा विचारलं तर म्हणाले, "एक विमान मोडीत निघालं." लोकांनी खाल्ला. विक्षिप्त माणसाचा मैसूरपाक गोडच लागतो. त्यानंतर ते विमानतळाच्या भिंतीकडे गेले नाहीत. साहेब दोन-तीनदा चौकशीला आले, हेल्मेट घालून.

अण्णा गेले ते अंथरुणात, झोपेत, दुपारचे. कुठल्याही वाहनात नाही. तिरडीच्या गाठी बांधून झाल्यावर एका बापाने, सवयीने, दोर ओढून बघितला.

गेल्या वर्षी यशवंतपूरच्या मार्केट यार्डात हमालांसाठी पत्रकं वाटायला गेले होते. गोणीचं वजन किती असावं, हा विषय. एका जुन्या बसमधून कांदे उतरवत होते. बाकं काढून तिचा मालट्रक केलेला. आत दोन ओळींत लोखंडी पायांचे बुडखे उभे होते, वीतभर उंचीचे. गोणी त्यांना अडकून फाटली होती आणि सोलापूरकडचा एक हमाल शिव्या देत होता.

"कुठल्या येड्यानं बसवलं हे! रोज एक गोणी फाटती. गॅसकटर लावला, तरी एवढं राहिलंच."

"उपटून काढायचं," मी म्हटलं.

"हलतंय कुठं ते, बाई!"

मी आत चढले. दुसऱ्या ओळीतला एक बुडखा दोन्ही हातांनी धरला. पुढे ओढला. मागे ढकलला. मान तिरकी केली. कांद्याची सालं तेवढी उडाली.