होडीचं यंत्र सायकलवर

भाट्याचा पूल ओलांडला आणि माझ्या सायकलच्या दांड्याला बांधलेल्या यंत्रातला बाण उजवीकडं, समुद्राकडं वळला. पुतणी सुमन सायकलनं गोव्याला निघाली होती. मी फक्त गणेशगुळ्यापर्यंत.

यंत्र आमच्या होडीचं, आभाळातल्या उपग्रहांवरून समुद्रातली जागा दाखवणारं (जीपीएस). माझा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी बुडाला, प्रेत मिळालं नाही. तो बुडाला त्या जागेची खूण दीर सदानं तेव्हाच बटण दाबून यंत्रात ठेवली होती. सदा तांडेल (होडीचा मुख्य) आहे. आता यंत्र भरलं, मासळीच्या नव्या खुणांसाठी ही पुसतो म्हणाला. होडी रंगवायला वर काढलेली, म्हणून यंत्र मोकळं होतं. म्हटलं, "आधी किनाऱ्यावरून बघून येते, मग पुस."

सुमनकडं नकाशावालं महाग यंत्र होतं. त्यात एक हमरस्ता, बाकी कोकण कोरं.

"काकी, सायकलीला वाट दाखवणारं लागतं. तुझं नुसती दिशा दाखवतं."

"मला तीच हवी."

गोळपचा चढ सायकली ढकलत चढलो. सड्यावर (कातळाचा माळ) ऊन रणरणत होतं. वर आभाळात काहीच दिसत नव्हतं, तरी आम्ही वळलो की बाणही वळे. त्या एका जागेवरची नजर काही काढत नसे.

पावसला पडदा काळा झाला. सेल संपले. खूण गेली असली तर परत कुठून आणणार? मी रस्त्याकडेच्या दुकानात सेल मागितले.

"म्हातारे, सायकलीवर रेडिओ कशाला?" दुकानदारानं विचारलं.

"रेडिओ नाय. नवरा कुठं हाय ते बघते."

"पळाला काय?"

"बुडाला."

त्यानं सेल स्वतःच बसवले. यंत्र बराच वेळ आभाळ चाचपत राहिलं. मग खूण आली, होती तिथंच.

गणेशगुळ्यापुढं अंतराचा आकडा घटायचा थांबून वाढायला लागला, तशा आम्ही मागं फिरलो. सगळ्यात कमी आकडा गणेशगुळ्याच्या वाळूवर आला. मी गुडघाभर पाण्यात शिरले. बाण सरळ समोर. एवढा समुद्र, त्यावर ना दगड ना झाड, आणि त्यातली एक जागा ह्या डबीला ठाऊक! नारळ सोडला.

सुमन रडत होती.

"रडतेस काय? तुझ्याशी कधी धड बोलला नाय तो."

"तरी पण गो, काकी."

ती पुढं गेली. मी एसटीच्या टपावर सायकल टाकून परतले. इतकी वर्षं नवरा समुद्रात होता, म्हणजे कुठंही होता. आता एका जागी होता.

"वयनी, पुसू?" सदानं विचारलं.

"पुस."

त्याचा अंगठा बटणावर नुसता थांबला, दाबवेना. शेवटी त्यानं यंत्र माझ्या हातात दिलं आणि पुसायला कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.