मी नाही म्हटलं, तरी माझी भाकरी गाण्यात

मैत्रिणींनो, खुशाल वेड्यात काढा, पण आधी वाचा.

नवागामला आमच्या चाळीत, शेजारच्याच खोलीत घरमालकिणीचा भाचा राहायला आलाय. घरातल्या वस्तूंच्या आवाजांतून गाणं बनवतो म्हणे. गेल्या आठवड्यात मोबाईल घेऊन दारोदार फिरला. कुणाच्या कुकरची शिटी घेतली, कुणाच्या दाराची कडी. मी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याच्या दाराची कडी कशाला हवी कुणाला?

आज दुपारी त्याने सगळ्यांना ओट्यावर बसवून गाणं ऐकवलं. बायका आपापली शिटी ओळखून हसत होत्या. मधेच मला माझी भाकरी ऐकू आली! थाप, थाप, बांगड्या, आणि शेवटी परातीच्या काठावर मी पिठाचा हात दोनदा झटकते ते. चाळीत ज्वारीची भाकरी थापणारी मी एकटीच.

"हे कुठून आणलंस?"

"भाभी, वो तो दीवाल में से ही आता है," तो हसला.

टाळ्या वाजल्या. मला मात्र त्याच भिंतीआडचं आमचं बोलणं आठवलं. आमचे हे दिवसभर लूमच्या खडखडाटात ओरडून बोलतात, घरी आले तरी आवाज खाली येत नाही. परवा मालकिणीबद्दल जे बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि आज ती माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसली.

आत्ता जेवताना भिंतीपलीकडे त्याचं गाणं चालू होतं, तेव्हा हे पहिल्यांदाच कुजबुजले. मला ऐकूच आलं नाही. "काय?" विचारलं, तर केवढ्यांदा ओरडले, "हळू बोल म्हणतोय!"

पलीकडचं गाणं एकदम बंद झालं.

सांगा, मी काय समजू?