मेंबरचे गोचीड आणि मामाजींचा हात

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी आमच्या कुत्र्याला बैलाची आंघोळ घातली... मामाजी म्हणजे माझे सासरे. साकोलीजवळच्या आमच्या गावात राहतात. जनावरांतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं माणसांतलं कळत नाही, हे माझं जुनं मत आहे आणि त्यांनाही ते मान्य आहे.

कुत्र्याचं नाव मेंबर. मीच ठेवलं. जेवणाच्या वेळी हजर, कामाच्या वेळी बेपत्ता, आणि भुंकतो तेही धोका टळल्यावर.

यंदाच्या पावसाळ्यात त्याला गोचीड झाले. कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली... टरारून फुगलेले. सल्ले मात्र गोचिडांपेक्षा वेगाने वाढले. शेजारच्या काकूंनी राकेल चोळायला सांगितलं. आमच्या ह्यांनी मोबाईलवर वाचून खोबरेल तेलात कापूर घोटायला घेतला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर गोचिडासाठी कोणी डॉक्टरकडे जातं का, अशा नजरेने सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मेंबरनेसुद्धा.

ट्रॅक्टर आला तेव्हा मामाजींची बैलजोडी गेली. तेव्हापासून पोळा जवळ आला की त्यांच्या हातांना चैन पडत नाही. आदल्या दिवशी बैल धुवायचे, गोचिडाच्या औषधाचं पाणी अंगावर फिरवायचं, खांद्याला हळद-लोणी चोळून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं... जन्मभर हेच केलेलं. यंदाही गोठ्यात बैल नव्हते. पण कोनाड्यात औषधाची बाटली होती, आणि अंगणात मेंबर होता.

मग काय... बैलाच्या मापाने बादलीत औषध कालवलं, मेंबरला त्यात न्हाऊ घातलं आणि उन्हात वाळवला. हात थांबेनात म्हणून वरून खांद्याला, पाठीला, पायांना हळद-लोणीही लावलं. बैलाने ते मुकाट मिरवलं असतं. मेंबरने जीभ पोचेल तिथवर सगळं चाटून काढलं. लोणी, आणि लोण्याखालचं औषध.

दुपारी तो उठेना. तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते. भाकरीचा तुकडा नाकाशी धरला तरी नुसते डोळे फिरवले. भाकरी नाकारणारा मेंबर आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

मामाजींनी त्याला पोत्यासकट उचललं, दुसऱ्या हातात औषधाची बाटली घेतली आणि गाडीत जाऊन बसले. साकोली येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले.

"बैल असा चाटत नाही ना, सूनबाई... मले सुचलंच नाही."

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. बाटली बघितली आणि आधी साबण, कोमट पाणी मागवून मेंबरला खळखळून धुवायला लावलं. मग इंजेक्शन, सलाईन. औषध कोणी लावलं, असं विचारल्यावर आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे प्रस्तावना सुरू केली. मामाजींनी ती मध्येच तोडली. "मीच लावलो. लोणीबी मीच लावलो."

लोण्यापाशी डॉक्टरीणबाईंचा पेन जरा थांबला. पण त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. बाटली सोबत आणली हे फार बरं केलं, असं म्हणाल्या. मग मात्र सगळ्यांचाच समाचार घेतला. गुरांचं औषध अंदाजाने लावायचं नाही, राकेल नाही, कापूरही नाही. (इथे आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.) आणि गोचीड कुत्र्यावर दिसतात त्याहून जास्त भिंतीच्या फटीत आणि त्याच्या अंथरुणात असतात, ते आधी साफ करा. पुढे दर महिन्याला वजनाप्रमाणे कुत्र्यांच्या औषधाचे थेंब मानेवर टाकायचे... जिथे जीभ पोचत नाही तिथे.

संध्याकाळी मेंबरने मान उचलली. पोळ्याच्या दिवशी घरी आला, आणि दूधभात खाल्ला.

बरे झाले नाहीत ते मामाजी. मेंबर झोपतो त्या पुढच्या छपरीतल्या भिंतीच्या सगळ्या फटी त्यांनी स्वतः बुजवल्या, जुनं पोतं जाळलं, नवीन अंथरूण रोज उन्हात टाकायला लागले... पण मेंबरला हात लावणं सोडलं. तो गुडघ्यावर हनुवटी ठेवायला आला की मामाजी हात काखेत घालून बसायचे. त्याची भाकरीसुद्धा माझ्या हातून द्यायला लावायचे.

परवा थेंबांचा दिवस होता. मी ट्यूब मामाजींपुढे धरली.

"मले नोको देऊ. माह्या हाताचा भरोसा नाही आता."

म्हणून मीच पुढे झाले. मेंबर पलंगाखाली. ह्यांनी बिस्किटाचं आमिष दाखवलं, बिस्कीट घेऊन मेंबर न्हाणीमागे. शेवटी आम्ही दोघांनी कोपऱ्यात गाठला, तर दोघांच्या मधून निसटून थेट छपरीत गेला आणि मामाजींच्या दोन पायांच्या मधोमध उभा राहिला. मान खाली घालून.

मामाजींनी काखेतले हात बाहेर काढले. मग हात धुऊन आले, चष्मा लावला आणि ट्यूबच्या डब्यावरचं सगळं मला मोठ्याने वाचायला सांगितलं. वजन पुन्हा विचारलं. डब्यावर चित्र कुत्र्याचंच आहे ना, तेही बघून घेतलं. मानेवरचे केस बाजूला केले, कातडी दिसली, तिथे थेंब टाकले. मेंबर जागचा हलला नाही.

"झालं रे बाबू..." एवढंच म्हणाले, आणि त्याच्या कानामागे खाजवत तिथेच बसून राहिले.

चुकलेल्या हाती पुन्हा मान सोपवायला आम्हा माणसांना किती वर्षं लागतात... मेंबरने तेवढा विचारच केला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.