केरबाला ऐकू जाणारा आवाज

आक्काताईचा आवाज मुळात मोठा नव्हता, तो लग्नानंतर मोठा झाला. नवरा केरबा कोल्हापूरहून इचलकरंजीला यंत्रमागावर पाळीला जायचा. मागांच्या खडखडाटात त्याचे कान मंदावत गेले, तशी ही घरात वरच्या पट्टीत बोलू लागली. आमटीत मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळायचं.

२००१ साली तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या चालू झाल्या. हाताचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. कपबशी सोडली आणि पेल्यातून चहा प्यायला लागली, झालं. पण पुढं दोन-तीन वर्षांनी निराळंच सुरू झालं. बादली उचलली की धाप लागायची. छातीभोवती कुणी लुगडं करकचून आवळलंय असं वाटायचं. बोलताना वाक्य संपायच्या आत हवाच संपायची. तरी तिची खात्री होती की आपण नेहमीसारखंच बोलतोय, नवऱ्याचेच कान पार गेलेत.

केरबाला वाटलं, बायको रुसली. एका संध्याकाळी तो शाहूपुरीतनं जिलेबी घेऊन आला.

"आगं, खा की. माझं काय चुकलं आसंल तर सांग."

"मी कुठं रुसलोय?" आक्काताई म्हणाली.

केरबाला नुसते ओठ हललेले दिसले. "बघ, आजून बोलत न्हाईस!"

मुलगा बुद्धभूषण शेजारीच जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "आई, मलाबी ऐकू आलं न्हाई. माझं कान तर चांगलं हाईत."

तेव्हा कुठं आक्काताईला पटलं, की दोष नवऱ्याच्या कानांचा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. "फुप्फुसं चांगली आहेत, मावशी," त्या म्हणाल्या. "कंपवातानं छातीचे स्नायू ताठरलेत, त्यामुळं हवा आत-बाहेर ढकलायला जोर पुरत नाही. खोकलाही जोरात येत नसेल. तो यायला हवा, नाहीतर कफ आतच साठेल." गोळ्या वेळेवर घ्यायच्या, पोटापर्यंत श्वास भरून मोठ्यानं 'आ' म्हणायचं, आणि प्लास्टिकच्या यंत्राच्या नळीतनं श्वास ओढून त्यातले तीन छोटे चेंडू वर उचलायचे, असं त्यांनी नीट समजावलं.

घरी आक्काताईनं ओढून ओढून एकच चेंडू उचलला. केरबा हसला. "त्यात काय एवढं? आण हिकडं." नळी धुऊन त्यानं तोंडात धरली, दम ओढला आणि बिडीच्या खोकल्यानं असा बेजार झाला, की आक्काताई हसता हसता खाली बसली. तेवढं हसल्यावर तिला छाती जरा मोकळी वाटली. केरबाच्या बिड्या मात्र त्या आठवड्यापासून कमी झाल्या.

'आ' ऐकायला तोच बसायचा. ऐकू आलं की हात वर करायचा. सुरुवातीला त्याची खुर्ची तिच्याजवळच, चुलीला खेटून होती. कधी कधी हात वर व्हायचाच नाही, मग आक्काताई चिडून पदर डोळ्यांना लावायची. "रडायला दम हाय, मग आरडायला न्हाय व्हय?" असं म्हणून केरबा तिला पुन्हा उभी करायचा. दिवाळीपर्यंत खुर्ची उंबऱ्यापर्यंत सरकली. थंडीत तिला पडसं झालं, तेव्हा कफ तिनं स्वतःच खोकून काढला, आणि सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला.

कंपवात गेला नव्हता, जाणारही नव्हता. पण उन्हाळ्यात दोघं लेकीकडं, अक्षताकडं बिद्रीला निघाली. एसटीत केरबाला डुलकी लागली, कंडक्टर पुढं गप्पांत रमला, आणि गाडी थांबा सोडून निघाली. आक्काताईनं पोटापर्यंत श्वास भरला.

"थांबवा की वो गाडी! आमाला उतरायचंय!"

ब्रेक लागला. कंडक्टर दचकून वळला. "मावशी, कान फोडताय काय?"

दोघं उतरून उसाच्या कडेनं मागं चालू लागली. थोड्या अंतरावर आक्काताई रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर टेकली.

"आगं, माझी पिशवी घेतलीस न्हवं?" केरबानं विचारलं.

तिनं हातानं थांबा म्हटलं. आधी श्वास भरून घेतला. मग सावकाश, पण खणखणीत म्हणाली, "तुमच्याच खांद्याला हाय की!"